उजव्या हाताची नखं

माझं लग्न झालं नाही त्याला कारणं बरीच होती, पण ठाण्यात आमच्या आळीने त्यातलं एकच धरून ठेवलं: माझ्या उजव्या हाताची नखं. डाव्या हाताची नखं मी अगदी मांसापर्यंत कापायचे आणि उजव्या हाताची, करंगळी सोडून, वाढवायचे. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी माझ्या आईला एकदा गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मुलीचा काही नवस आहे का हो?" आईने "हो" म्हणून सांगितलं. मुलगी गिटार शिकवते असं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट आहे. गिटार म्हटलं की तेव्हा लोकांना ठाऊक असायची ती मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची. ती रडायची फार छान, त्यामुळे लोकांना आवडायची. माझी गिटार उरापोटाशी धरायची आणि नुसत्या बोटांनी वाजवायची. टेंभी नाक्यावरच्या एका कापड दुकानदाराने मुलीला शिकवायला म्हणून मला बोलावलं. मी गिटार धरून बसले, तसा तो म्हणाला, "बाई, लोखंड घरी राहिलं वाटतं."

"याला लोखंड लागत नाही."

"मग आवाज हलणार कसा?"

"हलत नाही."

शिकवणी तिथेच आटोपली. चहा मात्र पाजला माणसाने.

मला हे वेड लावलं आमच्याच चाळीत वर राहणाऱ्या मास्तरांनी. मूळचे गोव्याचे, आयुष्य बोटीवरच्या वाद्यवृंदात गेलेलं, उतारवयात तलावपाळीजवळ येऊन टेकले होते. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर तारा छेडल्या तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. "बाय, मारतेस कित्याक गे? तारेने काय केलं तुला?" एवढंच म्हणाले. पुढे कितीतरी दिवस त्यांनी मला डाव्या हाताने काही म्हणून करू दिलं नाही. मोकळ्या तारा, आणि उजवा हात. बस्स.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या गाण्यात एका वेळी एक सूर. या वाद्यावर तीन-चार सूर एकदम लागतात, त्याला कॉर्ड म्हणतात. लोकांना वाटतं कॉर्ड म्हणजे तारांवरून हात खरवडायचा. खरवडल्याने आवाज होतो, नाही असं नाही. पण आमच्या पद्धतीत प्रत्येक तारेला एक बोट नेमलेलं असतं. जाड तारांना अंगठा, मग तर्जनी, मधलं बोट, आणि सगळ्यात बारीक तारेला अनामिका. करंगळी फुकट खाते. चारही बोटं आधी आपापल्या तारेवर टेकवायची, आणि मग एकदम मिटायची. हात वर उडता कामा नये. सगळ्यांचा हात उडतो. गरम तव्याला बोट लागल्यासारखा उडतो.

मास्तरांनी मला ते जेवताना शिकवलं. "भात कसा उचलतेस तो बघ," म्हणाले. खरंच बघा तुम्ही. वरणभाताचा घास उचलताना चारही बोटं एकदम मिटतात, मुळापासून मिटतात, आणि मनगट जागचं हलत नाही. हललं तर भात मांडीवर. हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं आणि आपण विसरून गेलेलो असतो. फरक इतकाच, की घासात अंगठा बोटांना येऊन भेटतो आणि गिटारीवर तो बाजूने पुढे निघून जातो, ओळख नसल्यासारखा. मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना हाच धडा दिला. चमच्याने जेवणारा विद्यार्थी मला सुदैवाने भेटला नाही.

माजिवड्याकडचे एक मिठागरवाले बाळारामशेठ होते. लढाई संपल्यावर परत जाणाऱ्या कुठल्याशा गोऱ्या सोजिराकडून त्यांनी गिटार घेतली होती आणि आता ती घेतलीच आहे तर वाजवावी, असं त्यांच्या मनात आलं. पंजा म्हणजे फावडंच. दर खेपेला एक तार तरी जायचीच. "बाय, मना घास जमतंय, तार नाय जमत," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. अखेर त्यांनी नाद सोडला, पण माणूस मनाचा मोठा. त्यानंतर बरीच वर्षं आम्हाला मीठ विकत घ्यावं लागलं नाही.

आता नखं. तारेला आधी बोटाचं मांस टेकतं आणि सुटताना नख लागतं, तेव्हा सूर स्वच्छ उमटतो. नख नसेल तर सूर उमटतो, पण पांघरुणातून बोलल्यासारखा. म्हणून नखं वाढवायची, घासून गोल करायची आणि जिवापाड जपायची. नखांचे शत्रू पुष्कळ. राखेने भांडी घासणं, कपडे चोळणं, नारळ खवणं. पण सगळ्यात मोठा शत्रू कणीक. ती नखात शिरते, वाळते, नख मऊ पडून तिथूनच दुमडतं. आणि रेशनच्या गव्हाची कणीक म्हणजे मळायला नुसता दगड. आईचे सांधे धरलेले, त्यामुळे घरात मळणारी मीच. मी डाव्या हाताने मळायचे. एका हाताने, तेही डाव्या, कणीक जशी मळली जायला हवी तशीच माझी मळली जायची. आईने कधी चकार शब्द काढला नाही. फक्त पोळीचा तुकडा आमटीत बुडवायची आणि मग बराच वेळ वाट बघायची.

शिकवण्या मला बऱ्यापैकी मिळायच्या, त्याचं कारण मी बाई. मुलीला गिटार शिकवायला बाप्या माणूस घरात कोण घेणार? पण मुलींची लग्नं व्हायची. मग गिटार माळ्यावर. माझ्या एका विद्यार्थिनीच्या गिटारीच्या पेटीत सासरी पापड ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. "छान राहतात हो बाई," असं ती मला कौतुकाने म्हणाली होती. मी पापड घेऊन घरी आले. भाजला तेव्हा खरंच चांगला निघाला.

डोंबिवलीची सुमन या सगळ्यांत वेगळी होती. तिचे वडील शाळेत कारकून, आई नव्हती, घर आत्या सांभाळायची. आफ्रिकेला गेलेल्या मामाने ठेवलेली गिटार घरात होती म्हणून शिकवणी, एवढंच निमित्त. गळा म्हणाल तर गाऊ नये असा. पण उजवा हात! इतका शहाणा हात मी पुन्हा पाहिला नाही. कॉर्ड वाजवताना सगळ्यात अवघड गोष्ट अशी, की चाल बहुतेक वेळा सर्वांत वरच्या सुरात असते, म्हणजे अनामिकेकडे. आणि अनामिका हे हाताचं सगळ्यात लुळं बोट. अंगठा दांडगा, तो सगळ्यांवर ओरडतो. चार बोटं एकदम मिटायची, तरी अनामिकेचंच ऐकू आलं पाहिजे. मला ते यायला वर्षं लागली. सुमनला ते जेवता जेवता आलं.

आत्याबाई तशा प्रेमळ, पण वाद्यावर त्यांचा डोळा होता. "तार कसली हो ही?" म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. तेव्हा तारा जनावराच्या आतड्याच्या असायच्या. देवघर समोरच होतं. मी म्हटलं, "विलायती." पुढे नायलॉनच्या तारा आल्या तेव्हा सगळ्यात जास्त हायसं मला वाटलं.

मास्तरांना पहाटे चाळीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या झोपमोड होऊन ऐकाव्या लागायच्या. सूड म्हणून त्यांनी त्यातली एक चाल गिटारीवर बसवली, वर ओवी आणि खाली कॉर्ड. ती मी सुमनला शिकवली. ती वाजवायला लागली की मी माझं शहाणपण गुंडाळून गप्प बसायचे.

आणि मग सुमनला स्थळ आलं. कल्याणचा मुलगा, श्रीधर, सरकारी कचेरीत चिकटलेला. मध्यस्थाने मुलीची माहिती देताना "गाणं येत नाही, पण गिटार उत्तम" असं सांगून ठेवलं होतं. म्हणून दाखवण्याच्या कार्यक्रमाला मलाही बोलावणं. त्याच्या आधीच्या शिकवणीला सुमन मला म्हणाली, "बाई, लग्नाला माझी ना नाही. पण हे सोडावं लागलं तर मी काय करू? मला दुसरं काहीच येत नाही हो." वडिलांशी हे बोलायची तिची छाती नव्हती. माझीही नव्हती, खरं सांगायचं तर. मी म्हटलं, "आधी नीट वाजव तर."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी तारा जुळवायला लवकर पोचले. सुमन आतून आली ती हात पाठीमागे धरून. डोळे लाल.

"बाई, आत्याने कापली."

मी हात बघितला. चारही नखं साफ, मांसापर्यंत. आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, पोह्यांची बशी पुढे करणार, आणि बोटांना ही एवढी नखं? मंडळी काय म्हणतील! बघा बरं, आता दोन्ही हात कसे सारखे दिसतात."

दिसत होते खरे. त्या बाईचं मन स्वच्छ होतं हो, तीच तर अडचण. भांडायचं तरी कुणाशी?

नखं गेली म्हणजे नुसता आवाज गेला असं नाही. बोटाची लांबी कमी होते, तार जिथे लागायची तिथे लागत नाही. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्तीची धरावी तसा हात फसतो. सुमनने दोन कॉर्ड वाजवून बघितल्या. ओवी कुठेच नव्हती. नुसता अंगठा ढुम ढुम करत होता. ती घाबरून अनामिकेला जोर लावायला लागली आणि हात उडाला. इतक्या वर्षांत तिचा हात उडलेला मी पाहिला नव्हता.

"जोर लावू नकोस," मी म्हटलं. "तिला मोठं बोलता येत नाहीये, तर बाकीच्यांना गप्प कर. अंगठा नुसता टेकव आणि सोड. सगळं खाली घे."

"मग फारच बारीक ऐकू येईल, बाई."

"येऊ दे. ज्यांना ऐकायचंय ते गप्प बसतील."

"आणि नाही बसले तर?"

"मग त्या घरात जाऊन तुला करायचंय काय?"

तेव्हा कुठे ती हसली.

मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील अण्णा आणि आई द्वारकाबाई. उंच, नऊवारीतली बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पोहे झाले. द्वारकाबाई म्हणाल्या, "वाजव बघू."

सुमनने सुरुवात केली. आवाज इतका लहान की अण्णांनी हातातली बशी खळकन ठेवत विचारलं, "झालं का सुरू?"

"गप्प बसा," द्वारकाबाई म्हणाल्या.

अण्णा गप्प बसले, तशी सगळी खोलीच गप्प झाली. बाहेर कल्हईवाला ओरडत होता, त्यालाही आत्याबाईंनी खिडकीतून हातानेच गप्प राहायची खूण केली. आणि त्या शांततेत ती ओवी सरळ चालत गेली. चार बोटं एकदम मिटत होती, मनगट स्थिर, आणि वरचा सूर बारीक पण एकटा, स्वच्छ. मी आढ्याकडे बघत बसले, कारण दाखवण्याच्या कार्यक्रमात मास्तरणीने रडलेलं बरं दिसत नाही.

संपल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "ही ओवी आहे."

"हो," सुमन म्हणाली.

"मग खाली ते दुसरं काय चाललंय?"

"ती साथ," मी म्हटलं.

"ओवीला साथ जात्याची."

"इथे जातं नव्हतं."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग सुमनला म्हणाल्या, "हात पुढे कर. आजच कापलीस नखं."

"मीच कापली," आत्याबाई घाईने म्हणाल्या. "उगाच वाढली होती."

"उगाच कशी? वाजवायला लागतात असं मध्यस्थ म्हणाले." मग सुमनकडे वळल्या. "बरं, नखं असताना कणीक कशी मळतेस?"

आता इथे कुठलीही शहाणी मुलगी काहीतरी थाप मारेल. सुमन म्हणाली, "मी नाही मळत. आत्या मळते."

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. सुमनचे वडील घड्याळाकडे बघायला लागले. द्वारकाबाई "हं" म्हणाल्या आणि उठल्या. श्रीधर निघताना दारात चप्पल घालायच्या निमित्ताने वाकला आणि सुमनला हळूच म्हणाला, "मला सगळं ऐकू आलं." मुलगा वाईट नव्हता.

निरोप आला तो असा: मुलगी पसंत आहे. नखांचं आणि कणकेचं आमच्या घरी आल्यावर आम्ही बघू.

वडिलांनी पेढे वाटले. सुमन मला विचारायला लागली, "बाई, 'बघू' म्हणजे काय हो?" माझ्या अनुभवात 'बघू' म्हणजे 'नाही', पण ते तिला कसं सांगू? मी म्हटलं, "बघू." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणाचा ते ठरेना. लग्नात मी जेवले, आहेर दिला आणि मनातल्या मनात अजून एक गिटार माळ्यावर टाकून ठाण्याला परतले.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस श्रीधर माझ्या दारात. "आईने बोलावलंय. तिची तक्रार आहे."

"कसली तक्रार?"

"ते तीच सांगेल. मला सांगायची परवानगी नाही."

म्हटलं, चला. आता सुनेच्या नावाने चार शब्द आपणही ऐकून घेऊ. पुढच्या मंगळवारी मी कल्याणला गेले. श्रीधर कचेरीत, अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी बोटानेच आत जायला सांगितलं. आत द्वारकाबाई परात पुढ्यात घेऊन कणीक मळत होत्या, कोपरापर्यंत पीठ. आणि पलीकडच्या खोलीतून गिटार ऐकू येत होती. मी उंबऱ्यातच थांबले.

"उभ्या का? बसा," त्या म्हणाल्या. "आणि ऐका."

मी बसले, ऐकलं.

"ऐकलंत? ओवी बुडतेय. दाखवायच्या दिवशी नखं नव्हती तरी सगळी ऐकू आली. आता नखं आलीत, तर तुमचं ते खालचं ढुम ढुम वर आलंय. रोज मळताना ऐकते मी. हे काय शिकवलंत तिला?"

बाई शंभर टक्के बरोबर बोलत होती. नखं परत आली होती, अंगठ्याचं जरा जास्तच, आणि त्याला पुन्हा जोर चढला होता. मी आत गेले. सुमनने गिटार बाजूला ठेवून माझे दोन्ही हात धरले. मी म्हटलं, "अंगठा. टेकव आणि सोड." तिने तसं केलं. बाहेरून आवाज आला, "हां. आता बरं!"

मी परत स्वयंपाकघरात आले. "पण कणीक?" मी विचारलं.

"कणकेला या घरात मी कुणाला हात लावू देत नाही. पोटच्या मुलींना दिला नाही, सुनेला कशाला देऊ? एकेकीची कणीक म्हणजे नुसतं चिखलकाम."

"मग 'बघू' कशाला म्हणालात?"

"बघितलंच की."

"अहो, तेव्हाच सांगितलं असतंत तर? पोरगी लग्नाच्या बोहल्यावर रडवेली उभी होती."

"मला कुणी विचारलं?" द्वारकाबाई म्हणाल्या. कणकेवर एक बुक्की बसली. मग त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या हातावर गेली. तिथेच थांबली.

"तुमच्याकडे कोण मळतं?"

"मीच."

"या हाताने?"

"डाव्या."

"खातं कोण?"

"मी आणि आई."

"आई काही म्हणत नाही?"

"नाही."

"बिचारी," त्या म्हणाल्या आणि डबा ओढून परातीत आणखी पीठ घातलं.

निघताना त्यांनी माझ्या हातात फडक्यात बांधलेल्या गरम पोळ्या दिल्या. दिल्या म्हणजे कोंबल्या. "दर मंगळवारी येत जा, तिचा अंगठा परत चढेल," असं म्हणून दार लावून घेतलं. माझ्या उजव्या हाताची काळजी माझ्याखेरीज कुणी केली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

घरी येऊन मी आईला दर मंगळवारचं बोलावणं सांगितलं आणि तिचं ताट वाढलं. तिने पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि वाट न बघता तोंडात घातला. दुसराही तसाच. पोळी संपेपर्यंत मान वर केली नाही. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "पुढच्या मंगळवारी जाणार आहेस ना?"